निंबाखालची हाजिरी

माझा स्वभाव संशयी आहे. दूधवाल्याने एखाद्या दिवशी दूध घट्ट दिलं, तर मी खूश होत नाही. काल त्याने काय घातलं होतं याचा विचार करते. घरचे यावरून चिडवतात, चिडवू देत. माझे वडील दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात होते. ‘रिकामा’ असं खडूने लिहिलेल्या एका डब्याचं झाकण त्यांनी विश्वासाने उघडलं आणि उजव्या हाताची दोन बोटं घालवून बसले. त्यानंतर ते आम्हा भावंडांना एकच गोष्ट सांगत. लिहिलंय ते वाचायचं, आणि मग डबा वाजवून पाहायचा. मी जन्मभर वाजवूनच पाहत आले आहे.

जबलपूरच्या बाहेर, ट्रकांच्या रस्त्याला आमचा प्लांट आहे. उकिरड्यावर टाकता येत नाही असा कचरा चार-पाच जिल्ह्यांतून तिथे येतो. जळालेलं तेल, रंगाचा गाळ, फुटक्या बॅटऱ्या, सराफ्यात सोनं साफ करून उरलेलं तेजाब, म्हणजे ॲसिड. हे सगळं वेगवेगळं ठेवायचं, त्यातलं विष मारायचं, उरेल ते जाळायचं किंवा पुरायचं, असं ते काम. मी तिथे ऑफिसात सेफ्टीचे कागद सांभाळते. आमचे हे ड्रमच्या शेडमध्ये होते, माझ्याही आधीपासून. सकाळी साडेसातला गावातल्या आमच्या गढा भागातून प्लांटची बस निघते. बसमध्ये हे पुढे बसत, मी मागे बायकांमध्ये, आणि दुपारी डबा मात्र एकच.

प्लांटमध्ये काही पेटलं, सांडलं, फुटलं तर कोणी काय करायचं, याची एक जाडजूड फाइल आहे. ती सगळी मी टाइप केली. मॅनेजरसाहेब विजय नगरात राहतात, सभ्य माणूस, पण फाइलबद्दल त्यांचं म्हणणं एवढंच असे: “मैडम, फाइल तैयार रहनी चाहिए।” फाइल तयार होतीच. माणसं तयार आहेत का, हे कोणी विचारलं की ते चष्मा पुसायला घेत. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली होती.

दर तीन महिन्यांनी सराव असायचा. भोंगा वाजायचा, सगळ्यांनी हातातलं काम टाकून गोळा व्हायच्या जागी यायचं. ती जागा कागदावर गेटजवळ होती, हिरवा बोर्ड वगैरे लावून, भर उन्हात. तिथे कोणी उभं राहीना. सगळे आपसूक भिंतीलगतच्या कडुनिंबाखाली जात. दोन वर्षं भांडून मी दमले आणि बोर्डच उपटून निंबाखाली नेला.

सराव अचानक व्हावा असा नियम. पण तारीख आधी सगळ्यांना ठाऊक असे. मला तर वाटतं माझ्याआधी गेटवरच्या चहावाल्याला कळत असे, कारण त्या दिवशी तो दूध जास्त आणायचा. साठ माणसं एका जागी फुकट उभी राहणार म्हटल्यावर चहा खपणारच. मी सकाळी बसमधून उतरले की आधी त्याच्या दुधाच्या कॅनकडे पाहायची.

वाळूच्या लाल बादल्यांवरही माझा डोळा होता. तपासणीच्या दिवशी त्या काठोकाठ भरलेल्या असत, एरवी त्यांत गुटख्याच्या पिचकाऱ्या. आणि सगळ्यांत जास्त संशय स्टोअरकीपरवर. धुरात शिरायचं तर पाठीवर हवेचं सिलिंडर आणि तोंडाला मुखवटा लागतो. असे दोन सेट प्लांटमध्ये होते, आणि दोन्ही त्याच्या कपाटात कुलूपबंद. चावी त्याच्या बनियनच्या आत. मी म्हणायची, दाखवा. तो म्हणायचा, “साहब का लिखा हुआ लाइए।” लिहून आणलं की चावी घरी राहिलेली असे. कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं मला पक्कं कळत होतं. सिलिंडर रिकामी असणार, किंवा एखादं विकलं असणार. पाच वर्षं आमचं नीट बोलणं नव्हतं.

हे सगळं खरं असलं, तरी ज्या गोष्टीने घात केला ती या यादीत कुठेच नव्हती.

निंबाखाली हाजिरी घ्यायचं काम माझं. रजिस्टर उघडायचं, एकेक नाव वाचायचं, माणसाने स्वतः ‘हाजिर’ म्हणायचं, मी टिक करायची. एक जरी कमी भरला तर दोघांनी सिलिंडरचे सेट घालून त्याला शोधायला आत जायचं. सगळे भरले तर आत कोणीही जायचं नाही, अग्निशमनच्या गाडीची वाट पाहायची. उगाच आणखी जीव धोक्यात घालू नये म्हणून तो नियम. मीच टाइप केलेला.

पहिल्या सरावात मी अठराव्या नावाशी येऊन अडले. अठरावं नाव आमच्या ह्यांचं.

आता आमचं घर असल्या गोष्टी मानणारं नाही. सासरे विहारात दर रविवारी लोकांना सांगायचे, अंधश्रद्धा सोडा, पोरींना शिकवा. पण त्याच घरात सासूबाई नवऱ्याचं नाव कधी घेत नसत. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. सासरे हसायचे आणि सोडून द्यायचे. मला कोणी बंदी केली नव्हती. बँकेत, रेशनच्या दुकानात मी नाव लिहून देत असे. बोलायची वेळ आली की ‘हे’. डोकं मानत नव्हतं, जीभ मानत होती.

तर मी अडले, आणि आमच्यातलाच एक फिटर, मूळचा भंडाऱ्याकडचा, मागून म्हणाला, “वहिनी, आता उखाणा घ्या लागते.” मराठी होते ते हसले. हिंदीवाल्यांनी विचारलं काय झालं, त्यांना सांगितल्यावर तेही हसले. “भाभी शरमा गईं।” माझे कान तापले. ह्यांनी लाजून खाली मान घातली होती. तेवढ्यात कोणीतरी मला सोडवायला म्हणून ह्यांच्या वतीने म्हणालं, “हाजिर है, आगे बढ़ो भाभी।” मी सुटले, पटकन टिक केली आणि एकोणिसावं नाव घेतलं.

पुढच्या सरावाला तेच. त्याच्या पुढच्याला तेच. सतरावं नाव झालं की मी नुसती थांबायची आणि दहा-बारा तोंडांतून एकदम ‘हाजिर’ यायचं. सरावातली तेवढीच मजेची गोष्ट होती. नवीन माणूस लागला की जुने त्याला आधीच सांगून ठेवत. मलाही ते आवडत होतं, खोटं का बोलू. बारा वर्षं साठ माणसांनी दर तीन महिन्यांनी माझ्या संसाराची अशी गोड थट्टा केली. जी प्रत्येक डबा वाजवून पाहते, तिने या ‘हाजिर’वर कधी संशय घेतला नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीतली गोष्ट. मटारचे दिवस होते; बसमध्ये बायकांच्या मांडीवर पिशव्या आणि पायाखाली सालपटं. त्या दिवशी सकाळी एका ठेकेदाराचा ट्रक आला. त्यात वीस-पंचवीस प्लास्टिकचे कॅन, सगळ्यांवर ‘जला तेल’ अशी चिठ्ठी, आणि सगळ्या चिठ्ठ्या एकाच हातच्या, एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिलेल्या. वेगवेगळ्या पाच वर्कशॉपमधला माल आणि अक्षर एक? मी जेवताना ह्यांना म्हटलं, “ते कॅन उघडून पाहिल्याशिवाय तेलाच्या रांगेत लावू नका.”

“तुले तर आपल्या सावलीचाबी भरोसा नाही,” हे म्हणाले. “चार वाजता लॅबवाली येऊन पाहणार हाय. तवरिक बाजूले ठेवले.”

चार वाजायची वेळ आलीच नाही. तीनच्या सुमारास त्यातला एक कॅन बुडातून झिरपायला लागला. तेल सांडलं की त्यावर लाकडाचा भुसा टाकायचा, ही आमच्याकडची रीत. वाळूच्या बादलीत हात घालायची कोणाला इच्छा नसे, का ते वर सांगितलंच आहे. एकाने घमेलंभर भुसा टाकला. कॅनमध्ये तेल नव्हतं. सोनं साफ करायचं तेजाब होतं, आणि त्या तेजाबाला लाकूड लागलं की ते भडकतं. तपकिरी धूर उठला. भोंगा वाजला.

मी खिडकीतून आधी गेटकडे पाहिलं. चहावाला किटली तशीच टाकून रस्त्याकडे पळत होता. तेव्हा मला कळलं की हा सराव नाही.

निंबाखाली सगळे आले. या वेळी कोणी रमतगमत आलं नाही, तोंडाला रुमाल लावून पळतच आले. मी रजिस्टर उघडलं. माझा आवाज साफ होता, याचा मला तेव्हा अभिमानही वाटला. एक, दोन, पाच, दहा. माणसं खोकत होती, हाजिर म्हणत होती. सतरावं नाव झालं. मी थांबले.

“हाजिर.”

आलं. तसंच, चार-सहा तोंडांतून, घाबरलेलं पण सवयीने. मी टिक केली. त्या आवाजांत ह्यांचा आवाज आहे का, हे मी ऐकलं नाही. वर मानसुद्धा केली नाही. एकोणिसावं नाव घेतलं आणि शेवटपर्यंत गेले. सगळे भरले. मी मॅनेजरसाहेबांना आकडा सांगितला. त्यांनी फोनवर सांगितलं, “सब बाहर हैं, अंदर कोई नहीं।”

तेवढ्यात स्टोअरकीपर आला. दोन्ही हातांत दोन सेट. ते त्याने माझ्या पायाशी ठेवले आणि सिलिंडरवरचे काटे माझ्याकडे फिरवले. दोन्ही काटे हिरव्या पट्टीत, पूर्ण भरलेले. “देख लीजिए मैडम,” तो म्हणाला. अशा वेळीही त्याने ते दाखवलं, म्हणजे माझा संशय त्याला किती वर्षं टोचत होता बघा. नंतर तो म्हणाला की उघडं ठेवलं तर पोरं मुखवटे घालून फोटो काढतात, हवा सोडून देतात, म्हणून कुलूप.

काटे दाखवून झाल्यावर त्याने गर्दीवर एक नजर फिरवली आणि विचारलं, “भैया नहीं दिख रहे?”

“होंगे इधर ही,” मी फटकन म्हणाले. “हाजिरी हो गई।”

मला राग आला होता. हा कोण मला विचारणारा? माझ्या रजिस्टरवर शंका घेतो? एवढं मनात आलं, आणि त्याच्या मागोमाग मी वळून पाहिलं. निंबाखाली नाहीत. भिंतीशी नाहीत. पाण्याच्या टाकीशी तोंड धुणाऱ्यांत नाहीत. मी फिटरला धरलं, “हे कुठायत?” तो म्हणाला, “इथंच असतीन ना वहिनी, बोलले ना हाजिर.” “तू ऐकलं?” त्याने तोंडावरचा रुमाल खाली घेतला. मग म्हणाला, “म्या म्हटलं होतं. नेहमीसारखं.” मी दुसऱ्याला विचारलं. त्यानेही म्हटलं होतं. नेहमीसारखं.

तेव्हा मला फाइलमधलं ते पान आठवलं, मीच टाइप केलेलं. तेजाब किंवा तेल सांडल्यास ड्रम शेडच्या माणसाने मागच्या नालीची झडप बंद करावी, म्हणजे विष बाहेरच्या नाल्यात जाणार नाही. ड्रम शेडचा माणूस म्हणजे हे. सगळे पुढच्या दाराने पळाले तेव्हा हे मागच्या दाराने झडपेकडे गेले असणार.

मी ओरडले की नाही, मला आठवत नाही. स्टोअरकीपरने तोवर एक सेट पाठीवर चढवला होता, दुसरा फिटरने. ते दोघे आत गेले. किती वेळ गेला, कोण म्हणतं पाच मिनिटं, कोण म्हणतं दहा. मी रजिस्टर छातीशी धरून उभी होते आणि त्यातली अठरावी टिक मला आतून जाळत होती. आपल्या हाताने मी माणसाला बाहेर लिहिलं आणि आत ठेवलं.

ते ह्यांना घेऊन आले. झडपेशी बसलेले सापडले. झडप बंद होती. शुद्धीवर होते, खोकत होते, आणि मला पाहून म्हणाले, “काई नाही झालं.” मला ते पटलं नाही, आणि बरंच झालं. तेजाबाचा हा धूर माणसाला आधी सोडून देतो आणि काही तासांनी पुन्हा धरतो, हे मला फाइलमुळे माहीत होतं. मी मेडिकलला, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, न्यायचाच हट्ट धरला. संध्याकाळ होईपर्यंत ह्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. जीव वाचला. फुफ्फुसं मात्र पहिल्यासारखी झाली नाहीत.

चौकशीला वरून एक अधिकारी आले. ते आधी मेडिकलमध्ये ह्यांच्याकडे गेले. ह्यांनी सांगितलं की मी निंबाखाली आलो होतो, हाजिर म्हटलं, मग झडप आठवली म्हणून कोणाला न सांगता परत आत गेलो.

हे ऐकल्यावर प्लांटमध्ये सगळ्यांचे चेहरे सैल झाले. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून चहा पाजला, जो बारा वर्षांत कधी पाजला नव्हता. “आपकी हाजिरी तो सही थी, मैडम।” फाइल बरोबर, सराव बरोबर, हाजिरी बरोबर. चूक एकट्या माणसाची, आणि तो खाटेवर. इतकं सगळ्यांच्या सोयीचं होतं की मला तो चहा गिळेना. जगात एवढ्या सोयीचं खरं नसतं.

मी मेडिकलला जाऊन ह्यांना विचारलं, “खोटं काहून सांगितलं?”

“तुयी नोकरी जाईन ना.”

“अन् तुमची?”

“मले आता शेडमंदी कोण ठेवते,” हे म्हणाले आणि पुढे बोलायला दम उरला नाही म्हणून हाताने मला गप्प राहायची खूण केली.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. टेबलावर माझं रजिस्टर उघडं होतं. बोट अठराव्या नावावर. “आपने नाम पुकारा था?” त्यांनी विचारलं. साधा प्रश्न. हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं; एकही माणूस माझ्याविरुद्ध बोलला नसता. साठ माणसं मला वाचवायला तयार होती, आणि त्याच सवयीची मला आता भीती वाटत होती.

“नहीं साहब,” मी म्हटलं. “कभी नहीं पुकारा।”

“क्यों?”

“पति हैं मेरे।”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. रजिस्टर स्वतःकडे ओढून घेतलं, आणि त्यांच्याही घरी कोणीतरी असं नाव न घेणारं असेल असं मला वाटून गेलं. मग हळूच म्हणाले, “लिख दूँ?”

“लिखिए।” आणि त्यांनी विचारायच्या आत मी ह्यांचं नाव, सासऱ्यांचं नाव, आडनाव, सगळं स्पष्ट उच्चारून सांगितलं. आकाश कोसळलं नाही. बारा वर्षं ज्या नावाला मी घाबरले ते चार अक्षरी साधं नाव होतं.

मला लेखी ताकीद मिळाली आणि हाजिरीचं काम काढून घेतलं. नोकरी राहिली. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, माझ्यासाठी घेतलेला आळ मी असा फेकून दिला म्हणून. तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ नाही म्हणाले, तेव्हा राग उतरला हे मी समजले. पुढे ह्यांना गेटवर बसायचं काम मिळालं, खुर्चीवर, ट्रकांचे नंबर लिहायचं. नियमही बदलला. आता ज्याने त्याने स्वतः हात वर करून बोलायचं, आणि दुसऱ्यासाठी कोणी बोललं तर दोघांची नावं साहेबांकडे.

त्यानंतरचा पहिला सराव खरंच न सांगता झाला. चहावाल्यालाही ठाऊक नव्हतं, मी सकाळी त्याचा कॅन पाहिला होता. तरी पण माझी पूर्ण खात्री नव्हती. भोंगा वाजला, आम्ही निंबाखाली गेलो. हाजिरी आता लॅबमधली एक मुलगी घेते, खणखणीत आवाजाची. मी रांगेत उभी होते, सगळ्यांसारखी, माझा हात वर करून झाला होता.

तिने ह्यांचं नाव घेतलं.

कोणी बोललं नाही. गेटपासून निंबापर्यंत चालत आल्याने ह्यांचा दम जुळत नव्हता. हात वर होता, पण मुलगी खाली रजिस्टरात पाहत होती. तिने पुन्हा नाव घेतलं. भंडाऱ्याच्या फिटरने ओठ घट्ट मिटून घेतलेले मला दिसत होते. साठ माणसं गप्प उभी राहिली आणि एका माणसाच्या श्वासाची वाट पाहत राहिली. मग मागून आलं, तुटकं, अर्धं हवेतच विरलेलं, “हाजिर.” मी वळून पाहिलं. ओठ ह्यांचेच हलले होते. तेवढ्याने माझं भागलं नाही. मी रांग सोडली, सगळ्यांच्या देखत ह्यांच्यापाशी गेले आणि छातीवर हात ठेवून पाहिला.